मुलींना भाषा लवकर येते म्हणतात, मग मुलाचं जर्मन बंद करायचं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी पंधराची, मुलगा बाराचा, दोघांना एकाच दिवशी जर्मनच्या क्लासला घातलं, वर्ष होत आलं, मुलगी धडाधड वाक्यं बनवते आणि मुलगा तोंड उघडायला तयार नाही, टेस्टमध्ये तिचे मार्क त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि क्लासच्या सरांनी सांगून टाकलं की मुलग्यांचं भाषेत डोकं कमीच चालतं, मुलींच्या मेंदूची रचनाच वेगळी असते, तर आता त्याचं जर्मन बंद करून कोडिंग वगैरे लावावं का.

मी बरीच वर्षं जर्मन शिकवते, शाळकरी पोरांना पण आणि नोकरीसाठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांना पण, आणि हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात दर बॅचला येतोच. आधी उत्तर देऊन टाकते, मग पाल्हाळ लावते. बंद करू नका. मुलगे-मुलींत फरक आहे, पण सर सांगतात तेवढा नाही आणि सांगतात त्या जागी तर मुळीच नाही. परकी भाषा समजण्यात दोघं जवळपास सारखेच असतात, फरक पडतो तो समजलेलं बाहेर काढताना, म्हणजे बोलताना आणि लिहिताना. आणि वर्गात मोजलं काय जातं तर नेमकं तेच.

पण त्याच्याही आधी एक साधी गोष्ट, जी तुमच्या प्रश्नातच आहे आणि तुमच्या नजरेतून सुटलीये. तुम्ही पंधरा आणि बाराची तुलना करताय. लहान वयात भाषा पटकन येते हे आपण सगळे ऐकत आलोय, पण ते जिथे दिवसभर ती भाषा कानावर पडते तिथलं, आणि तेही लांब पल्ल्याचं. आठवड्याला ठरलेले तास वर्गात बसून शिकायचं असेल तर मोठी मुलं लहानांपेक्षा वेगाने पुढे जातात. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या टीमने ८, ११, १४ आणि १८ च्या पुढे अशा वेगवेगळ्या वयात इंग्रजी सुरू केलेल्यांना सारख्याच तासांनंतर तपासलं तेव्हा उशिरा सुरू केलेलेच पुढे होते. यात नवल काही नाही, नियम ऐकायचा, तो लक्षात ठेवायचा आणि नव्या वाक्यात बसवायचा ही कुवत पंधराव्या वर्षी बाराव्यापेक्षा बरीच जास्त असते. तेव्हा तुमच्या घरातला फरक आधी थोरली-धाकट्याचा आहे, मुलगी-मुलग्याचा त्यानंतर.

आता आकडे, कारण मेंदूचं नाव घेतलं की पालक गप्प बसतात आणि बोलणाऱ्याचं फावतं. १९८८ मध्ये जेनेट हाइड आणि मार्शा लिन या दोघींनी भाषिक क्षमतेवरचे १६५ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. बायका पुढे निघाल्या, पण किती तर ०.११ प्रमाण विचलन. हे सोपं करून सांगते, एक बाई आणि एक पुरुष असे कुणीही दोघं चिठ्ठ्या टाकून उचलायचे आणि कुणाचा स्कोअर जास्त ते बघायचं, असं १०० वेळा केलं तर साधारण ५३ वेळा बाई पुढे असेल आणि ४७ वेळा पुरुष. म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम बरं. शब्दसंग्रहात तर फरक जवळजवळ शून्यच, ०.०२. बोलून मांडण्यात मात्र ०.३३, तिथे १०० पैकी ५९ वेळा बाई पुढे. हे सगळं मुख्यतः स्वतःच्या भाषेतलं आहे हे खरं, पण ठेवण लक्षात घ्या, शब्द माहीत असण्यात बरोबरी आणि ते तोंडाने मांडण्यात फरक. पुढे परक्या भाषेतही हीच ठेवण दिसणार आहे.

मुली लवकर बोलायला लागतात हे आजी-आजोबांचं निरीक्षण चूक नाहीये. २०१२ मध्ये युरोपातल्या १० भाषिक समाजांमधल्या १३,७८३ बाळांची तुलना छापून आली, त्यात खुणा, शब्द, शब्दाला शब्द जोडणं सगळ्यांत मुली थोड्या पुढे होत्या, आणि सगळीकडेच होत्या. पण दोन मुलींमधला आपापसातला फरक हा मुली आणि मुलगे यांच्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. पाठांतराचंही तसंच, म्हणजे ऐकलेली शब्दांची यादी किंवा गोष्ट आठवून सांगायची असेल तर बायका किंचित सरस ठरतात, २०१९ ला ६१७ अभ्यासांचा आणि १२ लाखांहून जास्त माणसांचा हिशोब झाला त्यातही हेच आलं. नवीन भाषेत पहिलं वर्ष बरंचसं पाठांतराचंच असतं, त्यामुळे सुरुवातीला मुलींना थोडी आघाडी मिळत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण ती थोडीच. दुप्पट मार्क त्यातून येत नाहीत.

मेंदूच्या रचनेची गोष्ट कुठून आली तेही सांगते. १९९५ मध्ये शेविट्झ दांपत्याने 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापला, १९ पुरुष आणि १९ बायकांना यमक जुळतं का ते ओळखायला लावून मेंदूचं स्कॅन काढलं, पुरुषांमध्ये डाव्या बाजूचा भाग जास्त चेतलेला दिसला, बायकांपैकी ११ जणींमध्ये दोन्ही बाजू. झालं, तिथून 'बायका दोन्ही मेंदूंनी भाषा शिकतात' हे वाक्य जगभर फिरायला लागलं, आणि ते आजही वर्कशॉपच्या स्लाइडवर असतं. २००४ मध्ये इरिस सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सगळे स्कॅनचे अभ्यास एकत्र केले तर ठोस फरक उरलाच नाही. पण ती बातमी कुणी फॉरवर्ड करत नाही. तसंच ते 'बाई दिवसाला २०,००० शब्द बोलते आणि पुरुष ७,०००', हे २००६ च्या एका खपाऊ पुस्तकामुळे पसरलं आणि पुढच्याच वर्षी मॅथियस मेल यांनी ३९६ विद्यार्थ्यांना खिशात रेकॉर्डर ठेवायला देऊन प्रत्यक्ष मोजलं, बायका सरासरी १६,२१५ आणि पुरुष १५,६६९. आता बोला.

आणि शाळेतल्या वाचनाचं बघायचं तर पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत मुली पुढे असतात, जवळजवळ सगळ्या देशांत, पण सरासरी फरक २००९ ला ३९ गुणांचा होता, २०१८ ला ३० आणि २०२२ ला २४. त्यात पेपर कागदावरून कॉम्प्युटरवर गेला हेही एक कारण धरतात. कारण काही का असेना, १३ वर्षांत कुणाच्या मेंदूची रचना बदलत नसते.

बरं, हे झालं आपल्या भाषेचं. परक्या भाषेसाठी मला सगळ्यात वजनदार वाटतो तो नेदरलँड्सचा अभ्यास. तिथे बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांची डच भाषेची सरकारी परीक्षा होते, त्यातल्या २७,११९ जणांचे निकाल फ्रान्स व्हान देर स्लिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तपासले, ८८ देशांतून आलेले लोक, ४९ मातृभाषा. बोलण्यात आणि लिहिण्यात बायका सातत्याने पुढे. वाचण्यात आणि ऐकून समजण्यात फरक नाही. मी वर जे म्हटलं ते इथे उघड दिसतं. शिक्षण किती, कुठल्या वयात आलात, किती वर्षं राहिलात, किती तास अभ्यास केला हे सगळं हिशोबात धरलं तरी बोलण्या-लिहिण्यातला फरक राहिलाच, त्यामुळे त्या तिघांचा स्वतःचा कल काही प्रमाणात जन्मजात कारणांकडे आहे, आणि हे मी लपवणार नाही कारण मग माझ्यात आणि स्लाइडवाल्यांत फरक काय. पण मला शिकवणारी म्हणून त्यातलं दुसरं अर्धं जास्त उपयोगाचं वाटतं. कान आणि डोळे सारखंच आत घेत असतील तर 'डोकं चालत नाही' हे म्हणणं तिथेच संपतं. हाँगकाँगमध्ये जोसेफ बॉयल यांनी १९८७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या कामात तर एकूण इंग्रजीत मुली पुढे होत्या पण नुसते शब्द कानाने ओळखण्यात मुलगे पुढे निघाले होते.

आता हे वर्गात कसं दिसतं ते बघा. मी विचारते, काल काय केलं, जर्मनमध्ये सांग. मुलगी थांबते, मनात जुळवते, मग म्हणते 'गेस्टर्न बिन इश इन्स किनो गेगांगन', काल मी सिनेमाला गेले होते. एकदम बरोबर. क्रियापद दुसऱ्या जागी, जाण्याच्या क्रियापदाला मदतीचं क्रियापद म्हणून 'हाबन' न लावता 'झाइन'चं रूप 'बिन', किनोच्या आधी 'इन्स', आणि शेवटी भूतकाळाचं रूप. मुलगा लगेच म्हणतो 'इश गेस्टर्न किनो गेहेन' आणि बसतो. मी काल सिनेमा जाणे. चारही गोष्टी हुकल्या, पाचपैकी मार्क द्यायचे तर एक. पण नीट बघा, प्रश्न त्याला तिच्याइतकाच कळला होता, 'काल' आठवलं, 'जाणे' आठवलं, 'किनो' आठवलं, आणि हे वाक्य कुठल्याही जर्मन माणसाला समजलं असतं. आता हाच मजकूर ऐकवून प्रश्न विचारले तर दोघांचे मार्क जवळ येतात. तुमच्या क्लासमध्ये वहीची टापटीप, होमवर्क, तोंडी उत्तरं आणि निबंध यावर किती मार्क आहेत आणि नुसतं ऐकून-वाचून समजण्यावर किती ते एकदा विचारा, मग दुप्पट मार्कांचा अर्थ जरा वेगळा लागेल.

मग बाहेर काढण्यात मुलगे मागे का पडतात? एक कारण अगदी रूक्ष आहे, अभ्यासाची पद्धत. रिबेका ऑक्सफर्ड आणि मार्था निकोस यांनी १९८९ मध्ये कॉलेजात परकी भाषा शिकणाऱ्या सुमारे १,२०० जणांना विचारलं की तुम्ही अभ्यास कसा करता, तर मुली जास्त युक्त्या वापरत होत्या आणि जास्त वेळा वापरत होत्या, उजळणी, नियम लिहून काढणं, मुद्दाम बोलायची संधी शोधणं. माझ्या वर्गात हे वहीवरून कळतं. मुलगी नवीन नाम लिहिते ते 'देअर, डी, दास' (नामाचं लिंग दाखवणारे, त्याच्या आधी लागणारे शब्द) यापैकी जे असेल त्यासकट, अनेकवचनासकट, खाली एक वाक्य. मुलगा नुसता शब्द लिहितो आणि शेजारी अर्थ, कधी तेही नाही, 'लक्षात आहे की मॅडम'. आणि असतंही लक्षात, पण फक्त समजण्यापुरतं. वाचताना 'टिश' म्हणजे टेबल एवढं कळलं की भागतं, बोलताना मात्र 'टिश' पुल्लिंगी आहे हे माहीत नसेल तर पुढचं विशेषण, सर्वनाम, सगळंच कोलमडतं. जर्मनसारख्या भाषेत हा आळस लगेच उघडा पडतो.

दुसरं कारण लाजेचं, आणि माझ्या मते बारा-तेराच्या वयात हेच मुख्य. यू-उमलाउटचा, म्हणजे जर्मनमधल्या ü या अक्षराचा, उच्चार करायचा तर ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि जीभ 'ई'च्या जागी ठेवायची. आवाज फुटायला लागलेल्या पोराने चार मित्रांसमोर असा चंबू करून 'फ्यून्फ' म्हणायचं, शक्यच नाही. तो मुद्दाम वाईट उच्चार करतो, मागच्या बाकावरून हशा येतो, आणि तो सुटतो. चांगला उच्चार करणाऱ्या पोराला चिडवतात, मुलीला तितकं चिडवत नाहीत. जो कार आणि अ‍ॅन पॉवेल्स यांनी मुलगे परकी भाषा का सोडतात यावर मुलग्यांशीच बोलून काम केलंय, त्यातही 'हा मुलींचा विषय आहे' हे सारखं ऐकू येतं. आणि हे फक्त पोरांचं नाही बरं का. पीटर ट्रडगिल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या लोकांचं बोलणं तपासलं तर बायका प्रमाण उच्चारांच्या जास्त जवळ होत्या, आणि पुरुषांना विचारलं तुम्ही कसं बोलता तर ते प्रत्यक्षात बोलत होते त्यापेक्षा जास्त रांगडं बोलतो असं सांगत होते. येत असून न येणाऱ्यासारखं दाखवायचं, हा प्रकार माझ्या वर्गात दर वर्षी असतो.

आणि तिसरं, घरात नि वर्गात काय बोललं जातं. बॉनी हार्टली आणि रॉबी सटन यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना परीक्षेच्या आधी सांगितलं की मुलगे अशा परीक्षांत मुलींपेक्षा कमी पडतात, मुलग्यांची कामगिरी घसरली, मुलींची नाही. पुढच्या प्रयोगात सांगितलं की दोघांचं सारखंच होतं, मुलग्यांची सुधारली. म्हणून सरांचं ते वाक्य मुलासमोर पुन्हा येऊ देऊ नका, चेष्टेत सुद्धा नको. आत्या-मावश्यांनाही सांगून ठेवा.

आता ज्यांना वाटतं की हे सगळं जन्मजातच, त्यांच्यासाठी एक उलटा किस्सा. १९८० च्या दशकात रशियन शिकायला सोव्हिएत रशियात गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची प्रगती ब्रेख्ट, डेव्हिडसन आणि गिन्सबर्ग यांनी मोजली, १९९५ ला ती छापून आली, त्यात बोलण्यात आणि ऐकण्यात मुलग्यांनी मुलींपेक्षा जास्त मजल मारली होती. म्हणजे चक्क उलटं. लिव्हिया पोलान्यी यांनी मग तिथून आलेल्यांचे अनुभव वाचले. मुलगे तिथल्या माणसांशी तासन्‌तास गप्पा मारत होते, रशियन येतं म्हणून त्यांचं कौतुक होत होतं, आणि मुलींच्या अनुभवांत टॅक्सीवाले, पार्टीतले पुरुष, नको ती जवळीक, ती टाळून बाहेर कसं पडायचं हे होतं. त्या जे रशियन शिकल्या ते बरंचसं नाही म्हणण्याचं आणि सुटका करून घेण्याचं, आणि ते परीक्षेत कुणी विचारत नाही. त्याआधी १९८६ मध्ये सुझन गॅस आणि एव्हॅन्जेलिन व्हॅरोनिस यांनी इंग्रजी शिकणाऱ्या जपानी जोड्यांना आपापसात बोलायला लावलं होतं, स्त्री-पुरुष अशी जोडी असली की बोलण्याचा मोठा वाटा पुरुष उचलत होते, त्यामुळे बोलायचा सराव त्यांचा जास्त होत होता आणि ऐकायचा बायकांचा.

म्हणून माझं मत असं झालंय की बोलणं-लिहिणं हा भाषेचा सगळ्यात परिस्थितीवर हलणारा भाग आहे. कुणाला बोलायला मोकळीक आहे, कुणाचं हसं होतं, कुणाला बोलून काय मिळतं यावर तो वर-खाली होतो. मोठ्या बायकांच्या बाबतीत तर हे फार जाणवतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी जाणाऱ्या बायका माझ्याकडे शिकून जातात, वर्गात नवऱ्यापेक्षा कितीतरी पुढे असतात, आणि तिकडे गेल्यावर दोन वर्षांनी नवऱ्याचं जर्मन ओबडधोबड पण वाहतं असतं आणि हिचं वहीतल्यासारखं शुद्ध पण थिजलेलं, कारण तो दिवसभर ऑफिसात बोलतो आणि ही घरात. बॉनी नॉर्टन यांनी कॅनडात स्थायिक झालेल्या पाच बायकांचा १९९० च्या सुमारास बारकाईने अभ्यास केला होता, त्यातूनही हेच पुढे आलं की नुसती शिकायची इच्छा पुरत नाही, बोलू देणारी माणसं आणि बोलायचा हक्क मिळावा लागतो.

चला, आता तुमच्या मुलाचं. पहिलं काम म्हणजे सरांकडून चारही गोष्टींचे मार्क वेगळे मागा, ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं. एकूण टक्के सांगतील, ते नको. ऐकणं-वाचणं ठीक असेल आणि बोलणं-लिहिणं खाली असेल तर तो अगदी नेहमीचा मामला आहे आणि तीन-चार महिन्यांत हलतो.

बोलण्यासाठी त्याला माणसांसमोर उभं करू नका, एवढ्यात तरी. फोनवर रेकॉर्ड करू दे, खोलीचं दार बंद करून. एकच विषय घ्यायचा, त्याच्या आवडीचा, गेम असो की फुटबॉल, आणि तो आधी चार मिनिटं बोलायचा, मग तेच परत तीन मिनिटांत, मग दोन. हे मी शोधलेलं नाही, कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत आहे आणि पुढे पॉल नेशन यांनी ती तपासून बघितली, बोलण्याचा वेग तर वाढतोच पण मजकूर तोच असल्यामुळे चुकाही काही प्रमाणात कमी होतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला चार मिनिटं फार होतात, त्याला दोन, दीड आणि एक करा. पहिल्या फेरीत तो म्हणेल 'इश श्पीले... अं... फुसबाल... अं... फ्रॉइंड', आणि मधे मधे सगळं आपल्या भाषेत. तिसऱ्या फेरीत 'इश श्पीले फुसबाल मिट माइनेम फ्रॉइंड' असं सलग येतं, आणि ते त्याला स्वतःला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. तुम्ही ऐकायचा हट्ट धरू नका. बहिणीने तर अजिबात ऐकायचं नाही.

लिहिण्यासाठी एकच सवय लावा, दुसरा खर्डा. पहिल्यांदा वाट्टेल तसं लिहू दे, मग तेच पाच-सहा ओळी परत लिहायच्या पण या वेळी फक्त क्रियापदाची जागा बघायची, बाकी चुका असू देत. पुढच्या आठवड्यात फक्त 'देअर-डी-दास'. सगळं एकदम लाल केलं की मुलगे वही मिटतात, हे मी पाहिलंय, मुली त्याच लाल वहीवर रडतात पण परत लिहितात. आणि शब्द लिहिताना लिंगासकट लिहायचा, रंगाने लिहिला तर उत्तम, निळा-लाल-हिरवा, जर्मनच्या बऱ्याच वर्गांत ही पद्धत असते.

मुलीकडेही जरा लक्ष असू द्या, ती पुढे आहे म्हणून सगळं आलबेल असं नसतं. जाँ-मार्क देवाले आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये परकी भाषा शिकणाऱ्या १,७३६ जणांना विचारलं तेव्हा मुलींना भाषेच्या वर्गात मजाही जास्त येते आणि चुकण्याची धास्तीही थोडी जास्त असते असं दिसलं. वर मी सांगितलेली मुलगी वाक्य बरोबर करते खरी, पण त्याआधी ती जे थांबते ना, ते थांबणं पहिल्या वर्षी चालतं, तिसऱ्या वर्षी समोरचा माणूस तेवढ्यात विषय बदलून मोकळा होतो. तिला घड्याळ लावून बोलायला लावा, चूक झाली तरी मागे यायचं नाही अशा अटीवर. भावाची दोन-एक मिनिटांची बेफिकिरी तिला आणि तिची वही त्याला, अशी अदलाबदल झाली तर दोघांचं भलं होईल, पण भावंडांत ती सांगून होत नाही.

मुलग्यांची वेगळी बॅच असलेला क्लास शोधू का असंही तुम्ही विचारलंय. मी पैसे आणि वेळ त्यासाठी घालवणार नाही. पाल्के, हाइड आणि अ‍ॅलिसन यांनी २०१४ मध्ये २१ देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांवरचे १८४ अभ्यास एकत्र केले, मुलामुलींना वेगवेगळं शिकवण्याचा म्हणावा असा फायदा त्यात दिसला नाही. हे भाषेपुरतं नाही, एकूण शाळेचं आहे, पण भाषेला अपवाद करावा असं मला काही आढळलेलं नाही. त्यापेक्षा लहान बॅच बघा, सहा-आठ जणांची, मागचा बाकच नसलेली. बाई शिकवतात की बुवा, याने जर्मनमध्ये काही बिघडत नाही. थाई किंवा जपानीत मात्र जरा पडतो फरक, थाईत पुरुष वाक्याच्या शेवटी 'ख्रप' म्हणतात आणि बायका 'खा', आणि बाईंकडे शिकलेले पुरुष सुरुवातीला बिनधास्त 'खा' म्हणत फिरतात. पण तो विषय वेगळा.

राहिली ती एक शक्यता, जी क्वचित असते पण तपासून घ्यावी. चारही मार्क वेगळे काढले आणि ऐकणं ठीक पण वाचणंही खाली आलं, तर आपल्या भाषेत तो कसा वाचतो ते बघा, ओळ सुटते का, जोडाक्षरावर अडतो का, वाचायचं म्हटलं की कटकट करतो का. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचं, निदान मुलग्यांमध्ये जास्त होतं, काही अंशी खरंच जास्त असतो म्हणून आणि काही अंशी मुली गप्प बसून निभावून नेतात आणि सुटतात म्हणून. तशी शंका आली तर क्लास बदलण्याआधी तपासणी करून घ्या, शाळेतल्या समुपदेशकांपासून सुरुवात करता येते. आणि तेव्हाही भाषा बदलायची घाई नको, जर्मनमध्ये जसं लिहितात तसं बऱ्यापैकी वाचतात, फ्रेंचमध्ये अर्धी अक्षरं मुकी असतात आणि इंग्रजीचं तर विचारूच नका, त्यामुळे अशा मुलाला जर्मन सोडून फ्रेंचला घातलं तर त्याचं काम वाढेलच.